विकायला काढलेला वाडा आणि सामाईक भिंत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. औशाच्या जुन्या गावठाणात आपल्या घराला लागून असलेला, शंभराहून अधिक वर्षांचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, वाडा एका व्यावसायिकाने वारसांकडून विकत घेतला, आठ महिन्यांत त्याचे नूतनीकरण केले आणि आता जवळजवळ दुप्पट किमतीला तो विक्रीस काढला आहे. त्यावरून गल्लीत दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की पडायला आलेला वाडा वाचला, दगड उजळला, लाकूड चमकू लागले आणि गल्लीची शोभा वाढली. दुसऱ्या बाजूचे, विशेषतः वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की माळवदावरची माती उतरवून त्याने वाड्याचा जीवच काढून घेतला आणि बाकी सगळी रंगसफेदी आहे. आपली एक भिंत त्या वाड्याशी सामाईक आहे, आपल्या बाजूच्या खोलीत कोनाड्याजवळ तिला नवी भेग दिसू लागली आहे, आणि हे काम चांगले झाले की वाईट, हे आपल्याला एखाद्या तिऱ्हाइताकडून ऐकायचे आहे. मालकाच्या परवानगीने मागच्या आठवड्यात मी तो वाडा दोन तास आतून-बाहेरून पाहिला, आपल्या बाजूची भिंतही पाहिली, आणि त्यानंतरच हे लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. गल्लीने ज्या कामाला नावे ठेवली, ते त्या वाड्यातले सर्वांत शहाणपणाचे काम आहे. आणि ज्या कामांचे कौतुक चालले आहे, बहुतेक दोष त्यांतच आहेत.

प्रथम मातीविषयी. आपल्या भागातले माळवद म्हणजे लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांची लादनी किंवा किलच्या, त्यांवर पाला-चिपाडे आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. ही रचना मुळात उत्तम आहे; उन्हाळ्यात अशा घरात जो गारवा असतो तो स्लॅबच्या घरात पंखा लावूनही मिळत नाही. अडचण अशी की दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी वर नवी माती टाकली जाते आणि जुनी कोणी उतरवत नाही. दोन-तीन पिढ्यांत वीतभर थराचा दोन फूट थर होतो. दहा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीवर दोन फूट माती असेल, तर डोक्यावरचे ओझे अकरा-बारा टन भरते, आणि तीच माती पावसात भिजली की आणखी वाढते.

या ओझ्याने काय केले, हे औसा तालुक्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर माणसे गाढ झोपेत असताना, किल्लारीचा भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ होती, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच, तरीही सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतरच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात मी नवशिका अभियंता म्हणून दीड-दोन वर्षे गावोगाव फिरलो. आम्ही घरमालकाला सर्वांत आधी एकच सांगत असू की माळवदावरची माती उतरवा आणि वीतभरच ठेवा. लोक ऐकत नसत, कारण माती हीच त्यांच्या दृष्टीने छपराची मजबुती होती. त्यामुळे आपल्या शेजारच्या वाड्यावरून ट्रॅक्टरच्या कितीएक खेपा भरून माती खाली आली, हे ऐकून गल्लीतल्या आजोबांना हळहळ वाटली असली तरी मला समाधान वाटले. त्या जागी व्यावसायिकाने विटांच्या तुकड्यांचा साधारण साडेचार इंच जाडीचा कोबा केला आहे, त्याला उतार बरोबर दिला आहे आणि वर पांढरा चुना मारला आहे. ओझे पूर्वीच्या चौथाईपेक्षाही कमी झाले. खोल्या पूर्वीपेक्षा थोड्या तापतील, हे आजोबांचे म्हणणे खरे आहे. पण तेवढी किंमत मी डोळे मिटून मोजीन.

मात्र याच छपराच्या कामात एक मोठी चूक आहे आणि ती नेमकी आपल्या अंगावर येणारी आहे. जुन्या माळवदाचे पाणी वाड्याच्या मधल्या उघड्या चौकात आणि मागच्या बोळात दगडी पन्हाळींनी पडत असे. पन्हाळी भिंतीच्या हातभर पुढे आलेल्या असल्यामुळे भिंत कोरडी राही. नव्या कामात त्या पन्हाळी शोभेपुरत्या ठेवल्या आहेत, त्यांची तोंडे आतून बुजवली आहेत आणि सगळे पाणी एका चार इंची पीव्हीसी पाइपात घेऊन तो पाइप सामाईक भिंतीत घळ पाडून आत गाडला आहे. बाहेरून पाइप दिसत नाही म्हणून काम स्वच्छ दिसते. पण सगळ्या माळवदाचे पाणी एका पाइपातून उतरणार, त्याचा एखादा सांधा कधीतरी सुटणार, आणि तो सुटला हे मातीने भरलेल्या भिंतीच्या पोटात कोणालाच कळणार नाही. आपल्या खोलीतला कोपरा जमिनीपासून कमरेपर्यंत गार आणि किंचित काळपट लागला, तो याच पाइपाच्या रेषेत आहे. सांधा आत्ताच झिरपत आहे की घळ पाडताना जुनी ओल मोकळी झाली, हे पाइपात पाणी सोडून दोन दिवस पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

आता भिंती, म्हणजे गल्लीच्या कौतुकाचा मुख्य विषय. रस्त्याकडची काळ्या दगडाची भिंत घासून काढली आहे आणि तिच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने, त्याही फुगीर दोरी काढून भरल्या आहेत, त्यामुळे लांबून ती चिरेबंदी वाटते. ती चिरेबंदी नाही. आपल्याकडच्या बहुतेक वाड्यांप्रमाणे ती दोन थरांची भिंत आहे. बाहेर घडवलेला दगड, आत ओबडधोबड दगड आणि मध्ये माती-गोट्यांचा भराव. असल्या भिंतीत खालून ओल चढते आणि पावसाने वरून थोडे पाणी मुरते, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी दरजा चुन्याने किंवा मातीने भरल्या आणि आतून चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा केला. आत आलेले पाणी उन्हाळ्यात त्याच वाटेने वाफ होऊन निघून जात असे. सिमेंटने दोन्ही बाजू बंद केल्यावर पाणी येण्याच्या वाटा तशाच राहतात, कारण पाया आणि भिंतीचा माथा कोणी बंद केलेला नसतो. बंद होते ती फक्त जाण्याची वाट. मधली माती मऊ होते, खाली बसते, आणि काही वर्षांत बाहेरचा थर आतल्या थरापासून सुटून भिंतीला पोट येते. किल्लारीत दगडी भिंती ज्या रीतीने कोसळल्या ती रीत हीच होती, फक्त तिथे वर्षांचे काम काही सेकंदांत झाले. दोन थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हतेच.

दिवाणखान्यातला गिलावा आरशासारखा सपाट आहे, त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट आहे, आणि आपल्या शेजारच्या गृहस्थांनी मला तो अभिमानाने हात फिरवून दाखवला. मी मालकाला विचारून एका विजेच्या बोर्डाची पाटी उघडली. जुन्या घराची तपासणी करताना याच्याइतकी सोयीची खिडकी दुसरी नाही, कारण पेटी बसवण्यासाठी भिंत कापलेली असते आणि कापलेल्या कडेवर सगळे थर ओळीने दिसतात. दाराजवळच्या बोर्डात सिमेंटचा थर बोटभरही नव्हता. त्याच भिंतीच्या मध्यावरच्या बोर्डात तो अडीच इंच निघाला, आणि त्याच्यामागे पांढरी माती इतकी ओलसर होती की चिमटीत धरल्यावर तिची गोळी झाली. एकाच भिंतीवर गिलाव्याची जाडी अशी बदलते तेव्हा अर्थ सरळ असतो. भिंत मध्ये आत दबली होती, म्हणजेच पलीकडे तिला पोट आले होते, आणि ते दुरुस्त न करता खळगा सिमेंटने भरून काढला आहे. बाहेर बोळात जाऊन ओळंबा सोडला तेव्हा त्याच जागी भिंत दोन इंच पुढे आलेली आढळली.

खाली, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, पेंटला बारीक फोड आले आहेत. एक फोड नखाने उकरला तर आतून पांढरी पूड सांडली. हा लोणा. पाण्याबरोबर वर चढलेले क्षार पेंटच्या मागे अडकून तिथेच फुलतात आणि गिलावा ढकलून काढतात. काम पूर्ण होऊन अजून एक पावसाळाही गेलेला नाही. जुनी शहाबादी फरशी उखडून तिच्या जागी काँक्रीटवर चकचकीत टाइल बसवल्यामुळे जमिनीतली जी ओल पूर्वी फरशीच्या सांध्यांतून निघून जाई, तीही आता भिंतीकडेच वळली आहे. चौकावर टाकलेले पारदर्शक पत्र्याचे छप्पर या दुखण्यात भर घालते. चौक हा वाड्याचा श्वास आहे. तापलेली हवा तिथून वर जाते आणि खोल्यांतली दमट हवा ओढून नेते. दुपारी त्या चौकात उभे राहवत नव्हते, आणि हे घर पाहायला येणाऱ्यांना म्हणे सकाळी दहाच्या आतच बोलावले जाते.

हे सगळे दोष खर्चाचे आणि वेळेचे आहेत. यापुढे जे सांगतो तो दोष मात्र सुरक्षिततेचा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

ओसरी आणि माजघर एक करून मोठा हॉल काढण्यासाठी मधले दोन सागवानी खांब काढले आहेत. त्यांच्यावरची तुळई आता एका लोखंडी गर्डरवर टेकवली आहे आणि गर्डरला सागाच्या पट्ट्यांची पेटी करून तो लाकडासारखा दिसेल असा झाकला आहे. गल्लीत कोणाला हे ठाऊक नव्हते. सगळे त्याला जुनीच तुळई समजत होते. मला शंका आली ती खालच्या फरशीमुळे. खांबांचे तळखडे, म्हणजे खांबांखालचे बैठकीचे दगड, उखडले तिथे दोन टाइल बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळ्या छटेच्या आहेत. पेटीची एक फळी सैल करून पाहिले तेव्हा आत गर्डर दिसला.

आपल्याकडे घर मोजायचे ते खणांनी. अमक्याचा वाडा इतक्या खणांचा, असे म्हणतात. खण म्हणजे दोन तुळयांमधले किंवा दोन खांबांमधले अंतर, आणि छपराचे ओझे भिंतीवर न जाता खांबांवरून तळखड्यावर उतरावे हा त्या रचनेचा प्राण आहे. अनेक वाड्यांत भिंतीच्या आतही खांब गाडलेले असतात ते यासाठीच. किल्लारीच्या परिसरात मी स्वतः अशी घरे पाहिली, ज्यांच्या भिंती चारही बाजूंना बाहेर पडल्या होत्या आणि मध्ये खणांचा लाकडी सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन उभा होता. त्या सांगाड्याखाली झोपलेली माणसे वाचली. जिथे तुळया थेट दगड-मातीच्या भिंतीवर टेकल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर छप्पर खाली आले. आपल्या शेजारच्या वाड्यात आठ महिन्यांत नेमका पहिल्या प्रकारचा भाग दुसऱ्या प्रकारात बदलला आहे. किल्लारीचा भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशात सर्वांत सौम्य अशा पहिल्या विभागात होता आणि २००२ साली तो तिसऱ्या विभागात गेला, हे ज्याला माहीत आहे त्याने या तालुक्यात खांब काढण्यापूर्वी दहा वेळा विचार करायला हवा.

आता आपली भेग. गर्डरचे एक टोक नव्या विटांच्या खांबावर आहे, ते ठीक आहे. दुसरे टोक सामाईक भिंतीत खोबण करून बसवले आहे आणि त्याच्याखाली ओझे पसरवणारा काँक्रीटचा किंवा मोठ्या दगडाचा ठोकळा मला दिसला नाही. दोन विटा आणि सिमेंट, एवढेच. म्हणजे पूर्वी दोन खांब आपापल्या तळखड्यांवर जे वजन नेत होते, त्यातला निम्मा वाटा आता वीतभर जागेवर, तोही भिंतीच्या त्यांच्या बाजूच्या थरावर आणि मधल्या भरावावर पडतो आहे. आपल्या खोलीतली भेग कोनाड्याच्या वरच्या कोपऱ्यापासून तिरकी वर जाते. मी दोन्ही बाजूंनी मोजमाप घेतले. तिचे वरचे टोक गर्डरच्या टोकापासून हातभर अंतरावर संपते. कारण तेच आहे, असे मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यानेही तिरक्या भेगा पडतात. पण त्या भेगा सहसा कोपऱ्यापाशी पडतात आणि ऋतूप्रमाणे उघडतात-मिटतात, ही भेग भिंतीच्या मध्यावर आहे आणि काम झाल्यानंतर उगवली आहे.

लाकडाविषयी थोडक्यात. पॉलिश करण्याआधी यंत्राने इतके घासले आहे की हस्तांवरच्या, म्हणजे खांबाच्या माथ्याशी तुळईला आधार देणाऱ्या लाकडांवरच्या, नक्षीच्या कडा बोथट झाल्या आहेत, पण ते दुःख सौंदर्याचे आहे. तुळयांची भिंतीत जाणारी टोके तपासली का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. मी टोच्या घालून पाहिलेल्या पाच टोकांपैकी एक टोक तीन इंचांपर्यंत लोण्यासारखे मऊ लागले. वरून त्यावर तकतकीत पॉलिश आहे. दिंडी दरवाजा मूळचा नाही, दुसऱ्या कुठल्यातरी वाड्याचा आणून बसवला आहे, हे त्याच्या बिजागऱ्यांवरून आणि वरच्या पट्टीला मारलेल्या जोडावरून कळते. त्यात चुकीचे काही नाही, फक्त जाहिरातीत त्याला मूळचा म्हणू नये. चौकाच्या कोपऱ्यात चालताना टाइल पोकळ वाजली. गल्लीतल्या एका आजींनी सांगितले की तिथे जमिनीखाली धान्याचे पेव होते. राडारोडा टाकून ते बुजवले असणार. ठोकून, थर देऊन भरले नसेल तर ती जागा बसेल.

दुप्पट किमतीवरून गल्लीत जो राग आहे तो मला तितकासा पटत नाही. सहा वारसांच्या भांडणात तो वाडा पंधरा वर्षे कुलूपबंद होता, मागची भिंत बोळात ढासळली होती, आणि या माणसाने पैसे घातले नसते तर आणखी चार पावसाळ्यांत तिथे दगडांचा ढीग राहिला असता. नफा काढणे हा त्याचा धंदा आहे. माझी तक्रार वेगळी आहे. त्याने जिथे पैसे वाचवले ते सगळे गिलाव्याच्या मागे आहे, आणि जिथे खर्च केला ते सगळे समोर आहे. त्यामुळे घेणाऱ्याला तो कशाचे दाम मोजतो आहे, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. झाकलेला गर्डर हे त्याचे चोख उदाहरण ठरेल. तेव्हा आपल्या ओळखीचे कोणी हा वाडा घेणार असेल, तर त्याने गिलावा होण्यापूर्वीची छायाचित्रे आणि खांब काढण्यासाठी अभियंत्याने केलेला हिशेब लेखी मागावा. छायाचित्रे नाहीत, असे उत्तर मला फारसे खरे वाटत नाही. हल्ली प्रत्येक गवंडी रोजच्या कामाचे फोटो मोबाइलवर पाठवतो.

आपण स्वतः काय करावे, ते क्रमाने सांगतो, कारण इथे क्रम चुकला तर नुकसान होईल. सर्वांत आधी गर्डरच्या सामाईक भिंतीकडच्या टोकाखाली टेकू लागला पाहिजे; मग त्या टोकाखाली, पूर्वीच्या खांबांप्रमाणे जमिनीपर्यंत जाणारा स्वतंत्र खांब, लाकडी असो वा लोखंडी, तळखड्यासह उभा करून भिंतीवरचे ओझे काढून घेतले पाहिजे. हे काम त्यांच्या बाजूला होणार आहे आणि खर्चही त्यांचा आहे. आपल्या भेगेवर काचेची अरुंद पट्टी आडवी ठेवून, तिची दोन टोके भेगेच्या दोन बाजूंना चिकटवून तिच्यावर तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे, हे कोणत्याही वादाशिवाय सिद्ध होईल. भेग आत्ताच सिमेंटने बुजवू नका, त्याने फक्त पुरावा जातो.

ओझे निघाल्यावर पाइप भिंतीतून काढून बोळाच्या बाजूला उघड्यावर घ्यायला लावा किंवा, त्याहून बरे, बुजवलेल्या पन्हाळी मोकळ्या करायला सांगा. त्यानंतर भिंतीच्या दोन्ही बाजूंचा खालचा कमरेएवढा सिमेंटचा गिलावा हातोडी-छिन्नीने उतरवून, ब्रेकर न लावता, तो भाग एक पूर्ण उन्हाळा उघडा ठेवावा लागेल. लोकांना ही दिरंगाई वाटते, पण ओल्या भिंतीवर केलेला चुन्याचा गिलावाही टिकत नाही. भिंत वाळल्यावर दोन थर एकमेकांना बांधून घ्यावेत. आडवे सुमारे चार फूट आणि उभे दोन फूट अंतर ठेवून साधारण तीन इंची आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडी असलेली सळई घालून काँक्रीट भरायचे. १९९३ नंतर आम्ही हेच केले आणि ते कोणत्याही चांगल्या गवंड्याला दोन दिवसांत शिकवता येते. फक्त एका वेळी एकच भोक पाडून भरायचे, सगळी भोके आधी पाडून ठेवायची नाहीत. शेवटी चुन्याचा गिलावा. चुना निदान तीन आठवडे भिजवून मुरवलेला, त्यात वाळू आणि विटांची भुकटी. बेलफळ, गूळ, हिरडा यांच्या पाण्याविषयी प्रत्येक जुन्या गवंड्याचे वेगळे प्रमाण असते आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटते. मी त्यात पडत नाही, चुना पुरेसा मुरला आहे की नाही एवढेच पाहतो.

बोलणी करताना सुरुवात गल्लीच्या वादापासून करू नका. मातीचे काम चांगले झाले, हे त्याला मोकळेपणाने सांगा, कारण ते खरे आहे आणि आजवर कोणी त्याला तसे म्हटलेले नाही. मग काचेची पट्टी आणि गर्डरच्या टोकाचे छायाचित्र समोर ठेवा. खांब काढणे हा रचनेतला बदल आहे, त्याची गणना रंगरंगोटीत होत नाही, आणि तो नगर परिषदेच्या परवानगीने झाला का, हा प्रश्न तोंडी विचारून भागले नाही तर लेखी विचारता येतो. त्याआधी तो माणूस टेकू लावायला तयार झाला तर कागद न वाढवलेलेच बरे. मृगाच्या सरी येण्यापूर्वी टेकू आणि पाइप, ही दोन कामे झालीच पाहिजेत. बाकीच्याला पुढचा उन्हाळा आहे. तोपर्यंत आपल्या त्या खोलीत, भिंतीकडे डोके करून, कोणाला झोपू देऊ नका.